छातीतली ढेकी

माय, तुझे जावई वाचले. शेवट आधी सांगून टाकते, कारण तुला तीच सवय होती. कोणी गोठ सांगायला बसलं की तू म्हणायचीस, "मेला का जगला तेवढं आधी सांग, मंग बाकीचं." तर जगले. आज सकाळी पुढच्या सपरीत उन्हाला बसून भात मागितला आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर ओरडले. मीठ बरोबर होतं. पण मी इतकी हरखली की वरून आणखी टाकलं, मग खारट झालं म्हणून पुन्हा ओरडले, आणि मी चुलीपुढे बसून हसत राहिली. सुनेला वाटलं सासूचं डोकं फिरलं. तिला काय माहीत. ओरडायला छातीत हवा लागते, आणि मागच्या अमावास्येला या माणसाच्या छातीत एक शब्द पुरा होईल एवढीही हवा नव्हती.

तुला लिहायला बसली खरी, पण माझी अक्षरं तुला ठाऊक आहेत. बाबांनी हट्ट करून दुसरीपर्यंत शाळेत बसवलं, पुढं तू शाळेतून नाव काढलंस, कारण धान कापायला माणूस पाहिजे होतं. त्याचा राग नाही. ओळी वाकड्या जातील, मधेच दुसरीच गोठ निघेल, तू सावरून घे. तुला त वाचताच येत नव्हतं. तिथं बाबा आहेत, ते वाचून दाखवतील. ही गोठ त्यांच्याही छातीची आहे, त्यांनाही ऐकू दे.

आपल्या घरची ढेकी आता कोणाला सांगून समजत नाही. इथं गोंदियात राइस मिलचा भोंगा वाजतो आणि तांदूळ पोत्यात येऊन पडतो. नात विचारते, आजी, ढेकी म्हणजे काय? मी सांगते, हे एवढं लांब सागाचं लाकूड, मधे आडव्या खुंटीवर टेकवलेलं, शेपटीवर पाय दिला की तोंड वर जातं, पाय काढला की धाडकन उखळात पडतं आणि धानाचा तांदूळ होतो. ती म्हणते, एवढी मेहनत कायले, मिलमधून आणायचा ना. घ्या. तर तू आणि काकी, दोघी जावा, एका अंगणात दोन चुली, आळीपाळीनं तिच्यावर पाय द्यायच्या. एक पाय देई, दुसरी उखळात हात घालून धान सारखं करी. तुझा ताल आगगाडीसारखा सरळ. काकीचा डावा पाय आखूड, लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली आलेला, म्हणून तिची ढेकी लंगडी पडे. एक लांब, दोन आखूड. धप्प, धप्‌धप्‌. गल्लीतले लोक न पाहता सांगायचे, आज धाकटी कांडून राहिली. तुझा हात त्या लंगड्या तालाखाली असायचा आणि एकदाही ठेचला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं पडली, पडलेल्याला पाणी द्यायला उभा माणूस मिळेना. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून सगळं माझ्या समोरचं. बाबांना ताप भरला, बरगडीत सुई टोचल्यासारखं दुखायचं, खोकल्यातून विटकरी रंगाचं पडायचं. तेवढं त सगळ्यांनाच होत होतं. तू त्यांच्या छातीवर जवसाचं पोटीस बांधत होतीस. बांधता बांधता थांबलीस आणि कान लावलास. आधी एका बाजूनं ऐकलंस, मग दुसऱ्या. मग मला म्हणालीस, "इकडं ये, ऐक. कोनाची ढेकी होय हे?" मी कान लावला. आत एक ठोका पडला, मग काहीच नाही, मला वाटलं संपलं, मग दोन घाईघाईनं. मी काही बोलायच्या आधी तू म्हणालीस, "धाकटीचा पाय होय." आणि तू एकदा तसं म्हटल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

तुझं म्हणणं साधं होतं. "फेफड्याचा रोग फेफड्यात राहाले पायजे. काळजात कायले जाईल? एका अंगात दोन रोग आपल्या पायानं येत नाहीत. दुसरा कोनी तरी पाठवते." आदल्या दिवशी काकीनं वाटीभर पेज आणून दिली होती, ती तुला आठवली. तिनं दारात उभं राहून बाबांकडे पाहिलं होतं, तेही आठवलं. बाबा गेले, आणि त्यांना मसणात पोचवून लोक परतल्यावर तू अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीसमोर तिला "टोनही" म्हणालीस, करणी करणारी. आपल्याकडे हा शब्द एखाद्या बाईला चिकटला की मग तिच्या सावलीलाही चिकटतो. ढेकी तू कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातलीस. अंगणात भिंत घातलीस. काका त आधीच वारले होते, काकीला पोर नव्हतं, भिंतीपलीकडे ती एकटी. लग्नाघरी हळद कांडायला तिला कोणी बोलावीना. विहिरीवर ती आली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. आणि तू जाताना मला बजावून गेलीस, धाकटीच्या हातचं काही खाऊ नको. मी नाही खाल्लं.

आता यांचं ऐक. विडीच्या कारखान्यात पानांच्या गंजीत बसून बसून यांचा खोकला जुनाच. या थंडीत ताप चढला आणि खोकल्यातून तसंच विटकरी पडलं. मी पाहिलं आणि ओळखलं, पण बोलली नाही, बोललं की खरं होते. मुलानं उचलून दवाखान्यात नेलं. मला तिथलं काहीच पटलं नाही. कंपाउंडर गोळ्या पुडीत बांधताना हसत होता. काऊन हसत होता? गोळ्या पांढऱ्या, खडूसारख्या, म्हणे लढाईच्या काळात निघालेलं औषध. लढाईत त माणसं मारायचं काढतात, वाचवायचं कधीपासून काढायला लागले? एक चाटून पाहिली, कडू निघाली, तेव्हा जरा बरं वाटलं. वरून म्हणे पाणी खूप पाजा. तापात पाणी! तू त घोटभर द्यायलाही दहादा विचार करायचीस. डॉक्टर बंगाली. नळी लावून ऐकायचा, भुवया वर करायचा आणि सांगायचा काही नाही. न सांगणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही, आणि फार सांगणाऱ्यावर त नाहीच.

डॉक्टर बाहेर गेला तसा मी यांच्या छातीला कान लावला. माय, काकीची ढेकी! तीच. काकी तिकडे तिरोड्याजवळ आपल्या गावात, हे इथं गोंदियात, एवढ्या लांबून पाय पोचतो? मी आठवायला लागली, घरात कोणाकडून काय आलं. दिवाळीला पोह्यांची पुरचुंडी आली होती. सुनेला विचारलं, ती म्हणे, "माह्या माहेरचे होत ते, तुमीच त खाल्ले सगळे." मग मी सुनेकडेही जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते त दवाखान्याच्या ओट्यावर काकी येऊन बसलेली. केस पांढरेफट्ट, पाय पहिल्यापेक्षा जास्त ओढते. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेले, तळवे वर. खायला-प्यायला काही आणलं नव्हतं. ते मला शहाणपणाचं वाटलं आणि म्हणूनच संशयाचं वाटलं.

"तुले कोनं सांगतलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

"बंडीवाल्यानं. म्हणे जवाई फेफड्याच्या तापानं पडले."

"मंग तू कायले आली?"

"म्हणूनच आली. मागच्या बारीले मी माह्या घरी होती, अना माह्या माघारी मले ठरवून टाकलं. या बारीले इथंच बसतो. हे हात पाहून घे. पदर झटकून पाहा. जे होईल ते सगळ्यांसमोर होऊ दे."

"अना काही वाईट झालं त?"

"त मले जायाले गाव बी राहणार नाही, बाई. आता फक्त घागरी उचलतात, मंग गोटे उचलतील. जवाई वाचले त मी बी वाचली."

मी तिला आत येऊ दिलं नाही. हाकललंही नाही. हाकललं आणि तिनं कुठं आडोशाला बसून काही केलं तर? त्यापेक्षा समोर असलेली बरी. म्हणजे बघ, ती म्हणत होती तेच मी म्हणत होती, फक्त उलट्या बाजूनं.

डॉक्टर आला तेव्हा मी त्याला धरलंच. माझी हिंदी तुला माहीत आहे, बाजारापुरती. म्हटलं, "डॉक्टरसाब, इनके छाती में दूसराच कोई पाँव दे रहा है."

"कौन?"

"मेरी काकी. वो बाहर बैठी है."

त्यानं ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. हसला असता त मी यांना खाटेसकट उचलून घरी नेलं असतं. म्हणाला, "बाई, फेफड़ा और दिल पड़ोसी हैं. एक के घर में आग लगी तो दूसरा सोता रहेगा क्या? बुखार है, हवा कम मिल रही है, दिल घबराके दौड़ता है, दौड़ते दौड़ते पाँव चूकता है. इस बीमारी में बहुतों को होता है, उमरवालों को ज़्यादा. किसी ने नहीं किया."

"पर ताल तो उसकाच है. एक लांब, दोन आखूड."

"इसमें कोई ताल नहीं है. बेताल है, यही तो मुश्किल है."

मला पटलं नाही. माझा चेहरा पाहून त्यानं नळी माझ्या कानात घातली आणि दुसरं तोंड यांच्या छातीवर ठेवलं. बाप्पा! कानाशी कोणी ढोल आणून ठेवल्यासारखं. आणि तीच ढेकी. मग डॉक्टरनं काय केलं, शेजारच्या खाटेकडे वळला. तिथं देवरीकडच्या जंगलातला एक म्हातारा होता, लाकूडतोडीवर जाणारा, त्यालाही हाच ताप. नळी त्याच्या छातीवर ठेवली. म्हणाला, ऐका. मी ऐकलं. माय, त्या परक्या माणसाच्या छातीतही काकी!

मी त्या म्हाताऱ्यालाच विचारलं, "बाबा, तुमी माह्या काकीले ओळखता का? पायानं अधू, तिरोड्याकडची?"

त्याला धाप लागलेली. म्हणाला, "कोन काकी? माही काकी त मी पोट्टा होतो तवाच मेली."

"मंग तुमाले पेज कोनी देली?"

"सुनेनं." जरा दम खाल्ला. "आता तिच्यावर नको घालू बाई. चांगली हाय ते."

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, काकीनं देवरीपर्यंतचं सगळं जंगल करणीनं बांधून टाकलं. दुसरी, डॉक्टर खरं बोलतो. पहिली मला अगदीच अशक्य वाटत नव्हती.

तेवढ्यात ओट्यावरून काकी म्हणाली, "कायची ढेकी?" आणि माझ्या लक्षात आलं, तिला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. टोनही म्हटलं, भिंत घातली, पण कशावरून ठरवलं ते तू तिला बोलली नाहीस, मी बोलली नाही, गावानं त विचारलंही नाही. एवढी वर्षं ती त्या पेजेचाच विचार करत बसली असेल, की पेजेत काय पडलं. मी दारात उभी राहून तिला सगळं सांगितलं. तू कान लावलास ते, मला बोलावलंस ते, आम्ही काय ऐकलं ते. तिनं आपल्या आखूड पायाकडे पाहिलं. मग उठली आणि डॉक्टरला म्हणाली, "मले बी ऐकू द्या."

ती आत आली. मी अडवलं नाही, पण यांच्या उशाशी जाऊन उभी राहिली. तिनं नळी कानात घातली, डोळे मिटले. खाली तिचा आखूड पाय जमिनीवर हळूच दाबायचा, सुटायचा, पुन्हा दाबायचा, जसा लाकूड शोधत होता. मग तो पाय थांबला आणि तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हट! हे माही ढेकी?" तिचा आवाज एवढा चढला की कंपाउंडर धावत आला. "माही ढेकी एक लांब अना दोन आखूड. रोज तेच. तुही माय उखळात हात घालून बसे, माहा ताल चुकला असता त तिचा पंजा राहिला असता का? हे त कधी तीन, कधी एक, कधी गायबच. याले कायचा ताल? मी एवढी वाईट कांडत होती का?"

डॉक्टर म्हणाला, "मैंने तो पहले ही कहा था." त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. काकीनं नळी काढली, खाटेच्या पायाशी खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यासाठी? माही जाऊ एवढ्यासाठी मेली तोवर मले बोलली नाही?"

मी पुन्हा नळी घातली. काकीचं बोलणं कानात ठेवून ऐकलं, एक लांब, दोन आखूड, आता येईल, आता येईल. ती सापडेना. ठोके होते, उड्या मारत, अडखळत, पण कोणाचे नव्हते. आणि खरं सांगू? लगेच मला शंका आली की आत येऊन तिनं आपला पाय काढून घेतला.

पण काढून घेतला असता त हे लगेच बरे झाले असते. झाले नाहीत. त्या गोळ्या, ठोक्यासाठी डॉक्टरनं दिलेले थेंब, ते भांडंभर पाणी, सगळं चालू राहिलं, आणि काकी ओट्यावर हात उघडे ठेवून बसून राहिली. सून तिला भाकर नेऊन द्यायची, मला न विचारता. मग एका सकाळी यांना एवढा घाम आला की गादी पिळावी, आणि ताप उतरला. तरी ठोका चुकतच होता. डॉक्टर म्हणाला, आग विझली तरी पड़ोसी लगेच झोपत नाही, थांबा. आणि पुढं काही दिवसांनी मी कान लावला त आत सरळ, तुझ्यासारखी ढेकी. मी डॉक्टरला विचारलं, नक्की? तो म्हणाला, सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं तसंच राहून जातं, यांच्यावर लक्ष ठेवा. ते सांगायची गरज नव्हती. लक्ष ठेवण्यात मला कोणी हरवणार नाही.

बाबांचंही हेच होतं, माय. तू ऐकलंस ते खोटं नव्हतं. ठोका चुकत होता. पण पाय कोणाचाच नव्हता. तेव्हा या गोळ्या नव्हत्या, डॉक्टर गावाकडे फिरकला नाही, आणि तू किती दिवस जमिनीला पाठ लावली नव्हतीस ते मी पाहिलंय. तुला भांडायला कोणी तरी पाहिजे होतं. तापाशी कसं भांडणार? काकी एकाच अंगणात राहत होती.

हे घरी आल्यावर मी स्वतः काकीला गावी पोचवायला गेली. गाडीनं तिरोड्यापर्यंत, पुढं बंडीनं. सरळ विहिरीवर नेलं, बायकांसमोर उभं केलं आणि सगळी गोठ सांगितली, नळी, देवरीचा म्हातारा, त्याची मेलेली काकी, सगळं. थोडं वाढवूनही सांगितलं, गोठीत म्हाताऱ्याला मी खाटेवर उठवून बसवलं. बायका ऐकून घेतात, पण मानतात थोडंच. पाटलाच्या घरची म्हणाली, "डॉक्टरलेच बांधलं असन तिनं." दुसरी म्हणे, "बंगाली होय ना? तो त जादूचाच मुलूख." मी भांडायला पदर खोचला, तर काकीच म्हणाली, "मले एवढं येत असतं त आधी हा पाय नसता का नीट केला?" कोणी तरी फसकन हसलं. मग दोघी-तिघी हसल्या. काकीनं दोर विहिरीत सोडला, काही बायकांनी सवयीनं घागरी उचलल्या. एकीनं उचलली नाही. एकच, पण नाही उचलली, मी नीट पाहिलं.

हे पत्र टाकायचं नाही. तुझ्या गावाला डाक जात नाही, आणि इथं ठेवलं त सून वाचेल आणि पोह्यांचं तिला कळेल. लिहून झालं की चुलीत. फक्त एक राहिलं. विहिरीवरून काकीनं मला घरी नेलं, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात केला, आणि मी खाल्ला. दोनदा वाढून घेतला. तू सांगितलेलं मोडलं, त्याचं मला वाईट वाटत नाही, वरण चांगलं होतं. पण ती भांडी घासायला परसात गेली तशी मी भिंतीकडे तोंड करून आपल्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. सरळ चालून राहिलं होतं. परसातून भांड्यांचा आवाज थांबला आणि काकी म्हणाली, "पाह्यलं का? नीट हाय ना?"

मी म्हटलं, "हाव."